चाळीस हत्तिणींचं म्हणणं

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिणेला एलिफंट अँड कासल नावाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भागातून बायकांची एक टोळी चालत होती. टोळीत सगळ्या बायकाच, आणि म्होरकीही बाईच. नदी ओलांडून त्या पश्चिमेकडच्या श्रीमंत पेठांत जात, बड्या दुकानांत शिरत आणि रेशीम, फर, दागिने असा माल अंगावरच्या कपड्यांत दडवून बाहेर पडत. वृत्तपत्रांत त्यांचा उल्लेख १८७३ पासून सापडतो. लोक त्यांना कधी ‘फॉर्टी थीव्ज’ म्हणजे चाळीस चोर म्हणत, तर कधी ‘फॉर्टी एलिफंट्स’ म्हणजे चाळीस हत्ती.

या टोळीवर पुस्तकं झाली. २०२५ साली आलेल्या ‘अ थाउजंड ब्लोज’ या मालिकेमुळे तिचं नाव जगभर गेलं. पण या विषयाला सर्वांत साजेसा नाट्यप्रकार कोणता असं विचारलं, तर माझं उत्तर एकपात्री हेच आहे. चाळीस जणींना एकीच्या तोंडून बोलतं करायचं, हे ऐकायला विपरीत वाटतं. त्यात काय साधतं ते कळण्यासाठी आधी या बायकांभोवती जमलेले शब्द तपासायला हवेत. कारण त्यांच्या नावातला आणि धंद्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द दुसऱ्या कुणीतरी त्यांना चिकटवलेला आहे.

सुरुवात हत्तीपासून करू. दक्षिण लंडनमध्ये हत्ती कुठून आला? या जागेच्या नावाबद्दल एक लाडकी कथा सांगितली जाते. कॅस्टिलची राजकन्या एलेनॉर इंग्लंडची राणी झाली. ‘इन्फंटा दे कॅस्टिल’ या तिच्या बिरुदाचा इंग्रजांच्या तोंडी अपभ्रंश झाला आणि त्यातून ‘एलिफंट अँड कासल’ निघालं, अशी ती कथा. कथा गोड आहे, पण टिकत नाही. एलेनॉर १२९० साली वारली, आणि ‘इन्फंटा’ हा शब्द इंग्रजीत रुळला तो त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी. नाव पडलं ते एका खानावळीच्या पाटीवरून. त्या नावाच्या खानावळीची नोंद १७६५ सालची आहे. पाटीवर पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती होता. लंडनमधल्या चाकू-सुऱ्या बनवणाऱ्या कारागिरांच्या श्रेणीचं चिन्हही तेच, आणि सुऱ्यांच्या मुठी हस्तिदंताच्या होत.

आपल्याकडे अशाच घडणीची एक कथा मुंबईच्या चोर बाजाराबद्दल सांगतात. मूळ नाव ‘शोर बाजार’, गोंगाटाचा बाजार, साहेबाच्या तोंडी त्याचा ‘चोर बाजार’ झाला, असं म्हणतात. दोन्ही कथांमागची ओढ एकच दिसते. नाव ओबडधोबड किंवा बदनाम असेल तर त्याला कुलीन पूर्वज शोधून द्यायचा.

त्या पाटीवरचा ‘कासल’ म्हणजे किल्ला नव्हे. लढाऊ हत्तीच्या पाठीवरचा लाकडी मनोरा युरोपच्या चित्रकारांनी बुरुजासारखा काढला, इतकंच. मराठी माणसाला ते चित्र दाखवलं तर तो क्षणात म्हणेल, हा तर अंबारीचा हत्ती. उघडा तो हौदा, छत असलेली ती अंबारी, असा बारीक भेदही आपली भाषा करते. बुद्धिबळाच्या पटावर तर हे नातं अजून जिवंत आहे. कोपऱ्यातल्या ज्या सोंगटीला आपली मुलं हत्ती म्हणतात, तिलाच इंग्रजांची मुलं कासल म्हणतात.

मग ‘हत्ती’ या शब्दाकडे पाहावं. संस्कृतात हस्त म्हणजे हात, आणि हस्तिन् म्हणजे ज्याला हात आहे तो. सोंडेला हात मानून त्या प्राण्याचं नाव पडलं. प्राकृतातून येता येता हस्तिन् चा हत्ती झाला आणि हस्ताचा हात. म्हणजे हत्ती आणि हात ही एकाच घरातली भावंडं. लंडनच्या त्या बायकांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण ज्यांचं सगळं कसब हातात होतं अशा टोळीला ‘हातवाल्या’ या अर्थाचं नाव मिळावं, हा योग शब्दांच्या अभ्यासकाला आनंद देणारा आहे. हस्तलाघव, हातचलाखी, हातसफाई, हात मारणे, हातोहात लांबवणे: चोरीची आपली निम्मी बोली हातावरच उभी आहे.

हत्तीचं नाव त्यांना का पडलं याची आणखी एक गोष्ट लंडनमध्ये सांगतात. दुकानात शिरताना सडपातळ असलेल्या या बायका बाहेर पडताना कपड्यांत कोंबलेल्या मालामुळे हत्तीसारख्या दिसत, म्हणून हे नाव. वस्तीचं नावच जिथे हत्तीवरून आहे तिथे या स्पष्टीकरणाची गरज पडू नये. तरीही ते टिकलं, कारण त्यात बाईच्या अंगलटीवर बोलण्याची सोय आहे. आपल्याकडच्या जुन्या कामशास्त्रकारांनीही बायकांचे पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी, हस्तिनी असे प्रकार पाडले होते. बाईला नाव ठेवताना नजर आधी तिच्या देहावर जाते, ही खोड दोन्हीकडे सारखीच.

आता चाळीस. पश्चिम आशियाच्या भाषांत आणि धर्मकथांत चाळीस म्हणजे ‘पुष्कळ’. बायबलमधला प्रलयाचा पाऊस चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पडतो. फकिराच्या चाळीस दिवसांच्या एकांतसाधनेला चिल्ला म्हणतात, तो फारसीतल्या चाळीसवाचक शब्दावरून. व्हेनिसमध्ये परदेशी जहाजांना बंदराबाहेर चाळीस दिवस थांबवत, त्यातून ‘क्वारंटीन’ आला. मराठीला ‘पुष्कळ’साठी दुसरे आकडे आवडतात. आपण बारा भानगडी करतो, छप्पन्न ठिकाणी फिरतो, सतराशे साठ कारणं सांगतो. आपली चाळिशी लागते ती डोळ्यांना, आणि मग नाकावर चढणाऱ्या चष्म्यालाही आपण चाळिशीच म्हणतो.

तेव्हा ‘चाळीस चोर’ या नावात शिरगणती शोधण्यात अर्थ नाही. ते नाव अलीबाबाच्या गोष्टीतून आलं. आंत्वान गालां या फ्रेंच पंडिताने ही गोष्ट १७०९ साली हन्ना दियाब या अलेप्पोच्या सीरियन कथेकऱ्याकडून ऐकली आणि आपल्या ‘अरबी रात्रीं’च्या भाषांतरात घातली. एकोणिसाव्या शतकात ती लंडनच्या रंगभूमीवरही फार लोकप्रिय होती, त्यामुळे कुठल्याही टोळीला ‘चाळीस चोर’ म्हणणं सोपं झालं. पण त्या गोष्टीत चाळीसही चोर पुरुष आहेत. त्यांचा डाव ओळखून रांजणांत लपलेल्यांवर उकळतं तेल ओतणारी मर्जाना ही दासी मात्र बाई आहे. गोष्टीतली सर्वांत हुशार व्यक्ती तीच. लंडनने आपल्या चोरट्या बायकांना नाव देताना गोष्टीतल्या पुरुषांचं नाव दिलं. बायकांची टोळी म्हटल्यावर हाताशी बायकांचा शब्दच नव्हता.

हा प्रश्न मराठीतही आहे. चोर, दरोडेखोर, लुटारू, ठग हे सारे शब्द आपण पुल्लिंगी धरतो. ‘चोरटी’ आहे, पण ती बहुधा विशेषण होऊन येते: चोरटी नजर, चोरटी वाहतूक. बाई पकडली गेली की बातमीत ‘महिला चोर’ असं जोडकाम करावं लागतं. ‘ठकास महाठक’ ही म्हण ओठावर असते, तिथे ठकीला जागा नाही. ठकी म्हटलं की आपल्याला लाकडी बाहुली आठवते. भाषेने बाईला गुन्ह्याच्या बाहेर ठेवलं ते तिच्या सन्मानापोटी, असं म्हणता येणार नाही. घराबाहेरच्या कुठल्याच धंद्यात ती धरलेली नव्हती, म्हणून इथेही नाही.

‘गँग’ या शब्दाचा इतिहास तर फार बोलका आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता चालणं, प्रवास. जर्मनमध्ये आजही गांग म्हणजे चाल. जहाजावर चढण्याच्या फळीला ‘गँगवे’ म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. ज्या मूळ धातूपासून हा शब्द निघाला त्याच धातूपासून संस्कृतातला ‘जङ्घा’ आला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि जङ्घेपासून आपली जांघ. चालणारा पाय आणि चालून येणारा जमाव यांचं हे फार जुनं नातं. पुढे ‘गँग’ म्हणजे एकत्र चालणाऱ्या वस्तूंचा संच, मग एकत्र राबणाऱ्या मजुरांचा गट, आणि सतराव्या शतकात बदमाशांचा जमाव. कष्टकऱ्यांचा अर्थ आधीचा, गुन्हेगारांचा नंतरचा. मराठीत हे दोन्ही अर्थ वेगवेगळ्या वाटांनी आले. रेल्वेच्या रुळांची देखभाल करणारा तो गँगमन, आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकते ती गँग.

आपल्या ‘टोळी’चंही तसंच आहे. हिंदीत टोला म्हणजे वस्ती, पाडा, आणि टोली म्हणजे जमाव. म्हणजे शब्दाच्या आसपास शेजारपाजारच आहे, आणि एलिफंट अँड कासलच्या टोळीला हा शब्द चपखल बसतो. कारण ती टोळी त्या वस्तीतल्या नात्यागोत्यांतूनच भरती करत होती. शहरात टोळी म्हटली की ‘चोरांची’ हे विशेषण न उच्चारताही ऐकू येतं. पण बीड, अहिल्यानगर, धाराशिवच्या गावांत जाऊन विचारा. तिथे टोळी म्हणजे ऊसतोड कामगारांची टोळी. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्याच्या फडावर जाणारी, जोडप्याजोडप्याने, म्हणजे ‘कोयत्या’च्या हिशेबाने मोजली जाणारी. या टोळीत निम्म्या बायका असतात. टोळीला मुकादम असतो, आणि हंगामाआधी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घ्यायची तिला म्हणतात ‘उचल’.

आणि इथेच लंडनच्या बायकांच्या धंद्याचा मुख्य शब्द आपल्या शब्दाला येऊन भेटतो. त्या स्वतःला ‘हॉइस्टर’ म्हणत. ‘हॉइस्ट’ म्हणजे वर उचलणं. जहाजावर शीड चढवताना हा शब्द वापरत, आणि तो उत्तर समुद्राच्या काठच्या भाषांतून इंग्रजीत आला. चोरांच्या बोलीत त्याचा अर्थ झाला दुकानातून माल उचलणं. ‘शॉपलिफ्टर’मधला ‘लिफ्ट’ही तोच. आणि मराठीत उचल्या, उचलेगिरी. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता चोरीसाठी ‘उचलणं’ निवडलं. याचं कारण उघड आहे. दरोड्यात मारहाण आहे, लुटीत जबरदस्ती आहे, घरफोडीत कुलूप-कडी आहे. उचलण्यात यांतलं काहीच नाही. त्यात वस्तू आहे, हात आहे आणि दुसऱ्याचं क्षणभर ढळलेलं लक्ष आहे.

ही कृती वरवर किती साधी, आणि तिची शिक्षा एके काळी किती भयंकर! इंग्लंडच्या १६९९ च्या कायद्याने दुकानातून पाच शिलिंग किंवा त्याहून अधिक किमतीचा माल गुपचूप उचलणं हा फाशीचा गुन्हा ठरवला होता. फॉर्टी एलिफंट्सच्या काळापर्यंत ती फाशी गेली होती, तुरुंग आणि सक्तमजुरी उरली होती. दुकानंही बदलली होती. पूर्वी गिऱ्हाइकाने मागावं आणि दुकानदाराने फळीच्या मागून काढून दाखवावं, अशी रीत होती. बड्या डिपार्टमेंट स्टोअर्सनी माल उघड्यावर मांडायला सुरुवात केली. १९०९ साली उघडलेल्या सेल्फ्रिजेसने तर गिऱ्हाइकाने वस्तू हातात घेऊन पाहावी यावरच भर दिला. बाईने घराबाहेर एकटं फिरावं, तासन्‌तास रेंगाळावं आणि तिला कुणी हटकू नये, अशी प्रतिष्ठित जागा शहरात पहिल्यांदाच तयार झाली. टोळीने नेमकी हीच मोकळीक हेरली.

त्यासाठी त्यांचे कपडे खास शिवलेले असत. घेरदार स्कर्ट, सैल कोट, हात ऊबदार ठेवणारे फरचे मफ, मोठ्या टोप्या, आणि या सगळ्यांत आतून चोरखिसे. ‘चोरखिसा’ हा आपला शब्द इथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. मराठीत ‘चोर’ हा जोडशब्दात पुढे आला की बहुधा चोरी करत नाही, तो नुसता लपतो. चोरखिसा, चोरकप्पा, चोरदरवाजा, चोरवाट, चोरपावलं. चोरखिशात माणूस स्वतःचेच पैसे ठेवतो, चोरांपासून जपून. बायकांच्या कपड्यांना उघडा खिसा क्वचितच मिळाला. आपल्या आज्यांनी पैसे कमरेला खोचले, पदराच्या गाठीत बांधले, बटव्यात ठेवले. स्वतःची म्हणून जी काही मिळकत होती ती लपवूनच ठेवायची, ही बाईची जुनी सवय. लंडनच्या त्या शिवणकामात ही सवय धंद्याला लावलेली दिसते.

त्यांच्या म्होरकीला ‘क्वीन’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेरी कार ही राणी होती. त्यानंतरची सर्वांत गाजलेली राणी म्हणजे १८९६ साली लॅम्बेथमध्ये जन्मलेली ॲलिस डायमंड. ‘क्वीन’चा मूळ अर्थ नुसता बाई किंवा बायको. ज्या मुळापासून तो आला त्याच मुळापासून वैदिक संस्कृतातले स्त्रीवाचक ‘जनि’ आणि ‘ग्ना’ आले, आणि फारसीतला ‘झन’ही. त्या ‘झन’वरून आपला जनाना आणि जनानखाना. सिंहासनावरची क्वीन आणि पडद्याआडचा जनाना एकाच कुळातले आहेत, हे कळल्यावर दोन्ही शब्द पूर्वीसारखे ऐकू येत नाहीत. इंग्रजीत याच मुळाला दुसरी फांदीही फुटली. उच्चार तोच, लेखन जरा वेगळं, आणि अर्थ निर्लज्ज बाई, बाजारबसवी. बाई एवढाच अर्थ असलेल्या मुळापासून एक शब्द गादीवर गेला आणि दुसरा गटारात. आपल्या ‘बाई’नेही असाच लांब पल्ला गाठला आहे. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, सावित्रीबाई यांच्या नावापुढे बाई हा मान आहे, शाळेत बाई म्हणजे गुरू, आणि घराघरांत ‘आज बाई आली नाही’ म्हणताना ती भांडी घासणारी. बुद्धिबळात तर राणीच नव्हती. आपल्या पटावर राजाशेजारी वजीर उभा असतो. हा वजीर युरोपात पोचल्यावर तिथे त्याची राणी झाली.

ॲलिसचं आडनाव डायमंड होतं आणि हिऱ्याच्या अंगठ्या ती बोटांत घालायची. मारामारीत त्या अंगठ्या शस्त्रासारख्या उपयोगी पडत, असं तिच्याबद्दल सांगतात. ‘डायमंड’मागे ग्रीक ‘अदामास’ आहे. त्याचा रूढ अर्थ ‘ज्याला वाकवता येत नाही ते’ असा सांगितला जातो. ‘अ’ म्हणजे नाही, आणि पुढचा धातू आपल्या ‘दम्’ धातूचा सख्खा भाऊ. म्हणजे डायमंडला मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर ‘हिरा’ हे भाषांतर झालं, पण नात्याने जवळचा शब्द आहे ‘अदम्य’.

ती अदम्य होती आणि क्रूरही होती. टोळीचा दंडक कडक असे. मिळकतीत वाटा, तुरुंगात गेलेलीच्या घराला आधार, आणि फितुरी केली तर शासन. १९२५ च्या डिसेंबरमध्ये टोळीतल्या एकीशी बिनसलं म्हणून ॲलिस आणि तिच्या साथीदारांनी लॅम्बेथमध्ये तिच्या घरावर चाल केली. १९२६ साली त्याबद्दल ॲलिसला आणि मॅगी ह्यूजला तुरुंगवास झाला. १९५२ साली ॲलिस वारली. या बायकांना सरसकट बंडखोर नायिका करून टाकणं सोपं आहे, आणि ते खोटं आहे. त्यांच्या चोरीमुळे पगाराला किंवा नोकरीला मुकलेल्या दुकानातल्या पोरीही त्यांच्यासारख्याच गरीब घरांतल्या असणार.

तरीही या टोळीचा विचार करताना मन वारंवार आपल्या मातीकडे येतं. १८७३ साली लंडनची वृत्तपत्रं चाळीस चोरांबद्दल लिहीत होती. त्याच्या दोन वर्षं आधी, १८७१ मध्ये, त्याच साम्राज्याने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता, आणि तो पुढे देशभर लागू झाला. लंडनची बाई पकडली गेली तर तिने काय उचललं ते न्यायालयात सिद्ध करावं लागे. इथे मात्र जमातीत जन्मलेलं मूल जन्मापासूनच संशयित ठरत होतं. हजेरी, परवाना, कुंपणाआडची वस्ती. सोलापुरात अजूनही एका भागाला ‘सेटलमेंट’ म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ स्थिरस्थावर होणं असा आहे, आणि ज्यांच्यावर तो लादला त्यांच्या लेखी तो बंदिवास होता.

या कायद्याने शब्दांचंही मोठं नुकसान केलं. ‘उचल्या’ हे एका समाजाचं नाव म्हणून सरकारी दप्तरात पक्कं झालं. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आपल्या आत्मकथेला तेच नाव दिलं, आणि तिला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इतरांनी चिकटवलेला शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने मुखपृष्ठावर लिहिला, तेव्हा त्या शब्दाचा मालक बदलला. ‘भामटा’चं तसं झालं नाही. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा हे एका समाजाचं नाव आहे, आणि वर्तमानपत्रांत मात्र रोज कुठला ना कुठला ‘भामटा’ कुणाला तरी गंडा घालत असतो. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमातींवरचा गुन्हेगारीचा शिक्का कायद्याने पुसला आणि त्या ‘विमुक्त’ झाल्या. आपली रोजची भाषा अजून विमुक्त झालेली नाही. ‘ठग’ आणि ‘लूट’ हे शब्द तर इंग्रजांनी इथून उचलून स्वतःच्या कोशात नेले. मेडोज टेलरची ठगांवरची कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये गाजली, आणि हाच टेलर पुढे आपल्या नळदुर्गात अधिकारी म्हणून राहिला. एका देशाने दुसऱ्याचे शब्द नेले, आणि त्या बदल्यात त्याच्या माणसांना नावं ठेवली.

म्हणून मला एकपात्री महत्त्वाचं वाटतं. ‘पात्र’ या शब्दात ‘पा’ म्हणजे पिणं हा धातू आहे. पाणी पिण्याचं भांडं ते पात्र. जे धारण करतं तेही पात्र, म्हणून नदीचं पात्र. ज्याच्या ठायी दान शोभतं तो सत्पात्र. आणि दुसऱ्याचं आयुष्य जे आपल्यात धारण करतं ते नाटकातलं पात्र. एकाच भांड्यात अनेकांचं जगणं ओतायचं, ही एकपात्रीची किमया मराठी प्रेक्षकाला नवी नाही. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने बावन्न पात्रं उभी केली. सुषमा देशपांड्यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’मध्ये एका बाईचं आयुष्य तिच्याच तोंडून सांगितलं. चाळीस हत्तिणी एका नटीत मावतील का, ही शंका निदान मराठी माणसाने घेऊ नये.

या प्रकाराची परंपराही जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात दहा रूपकं सांगितली आहेत, त्यांतलं एक भाण. एक अंक, एकच नट, आणि तो बहुधा विट, म्हणजे रंगेल माणूस, किंवा धूर्त. तो शहराच्या बदनाम गल्ल्यांतून फिरतो, न दिसणाऱ्या माणसांना हाका मारतो, त्यांचं बोलणं आपणच ऐकल्यासारखं करतो आणि आपणच ते पुन्हा बोलून दाखवतो. याला आकाशभाषित म्हणतात. ‘चतुर्भाणी’ या नावाने असे चार जुने भाण आजही उपलब्ध आहेत. म्हणजे शहरातल्या ठकांची आणि बदनाम वस्त्यांची गोष्ट एकट्या नटाने सांगायची, यासाठी शास्त्रकारांनी स्वतंत्र नाट्यप्रकारच ठेवला होता. पण त्यात बोलणारा पुरुष असतो, आणि त्या गल्लीतल्या बायकांचं बोलणंही त्याच्याच तोंडून, त्याला ऐकायचं असेल तेवढंच, येतं. फॉर्टी एलिफंट्सवरच्या एकपात्रीत ही मांडणी उलटी होते. इथे आकाशातून बोलतात ते पोलीस, न्यायाधीश, दुकानाचे व्यवस्थापक, वार्ताहर. रंगमंचावर पाय रोवून उभी आहे ती बाई, आणि त्यांचं सगळं बोलणं तिच्या तोंडून गाळून आपल्यापर्यंत येतं.

भाण हा शब्द ‘भण्’ म्हणजे बोलणं या धातूवरून आला. तोच धातू प्राकृतातून येता येता आपल्या ‘म्हणणे’त उतरला. संतांच्या ओव्या-अभंगांत हजारो वेळा आलेला ‘म्हणे’ त्यातलाच. ‘म्हणणं’ या नामाला मराठीत एक खास वजन आहे. ‘बोलणं’ कुणीही करतं. ‘म्हणणं’ म्हणजे एखाद्या प्रश्नावरची आपली बाजू. आपल्या न्यायालयांत प्रतिवादी आपलं म्हणणं सादर करतो, आणि ते ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये हा न्यायाचा साधा नियम आहे. म्हणणं ऐकून घेतलं म्हणजे माणूस निर्दोष ठरला असं होत नाही. ऐकल्यानंतर जो दोष ठरेल तो त्याने केलेल्या कृतीचा असेल, त्याच्या वस्तीचा, जातीचा किंवा बाईपणाचा नसेल, एवढंच त्यातून साधतं. ते फार मोठं आहे.

लंडनच्या त्या बायकांचं म्हणणं दप्तरात फारसं उरलेलं नाही. उरली आहेत ती इतरांनी ठेवलेली नावं: हत्ती, चोर, राणी. एकपात्री नाटक त्या नावांच्या मागची जागा एका जिवंत आवाजाने भरतं. त्या आवाजात ॲलिसचा क्रूरपणा असावा, कसब असावं, भीती असावी, आणि तिच्यामुळे नोकरी गमावलेल्या पोरीचा तळतळाटही असावा. आणि असं नाटक मराठीत कुणी करायचं ठरवलं, तर एवढं लांब लंडनला जायचीही गरज नाही. गुन्हेगार जमात म्हणून कुंपणाआड वाढलेल्या बाईचं, हंगामाआधी उचल घेऊन टोळीबरोबर फडावर जाणाऱ्या बाईचं म्हणणं मराठी रंगमंचावर फारच थोडं आलं आहे. उचल, टोळी, उचल्या हे शब्द आपण रोज वापरतो. ते ज्यांच्या आयुष्यातून आले, त्यांच्या तोंडून ते ऐकणं ही शब्दांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे.